दहाचे दोन भाग

बीजगणित अरबांनी शोधले की भारतीयांनी, हा वाद दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरून येतो. आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'अलजेब्रा हा शब्दच अरबी आहे' असे अभिमानाने लिहिलेले असते. शाळेतल्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर 'मग शून्य कोणी दिले?' असा उलटा प्रश्न असतो. हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी अल-ख्वारिज्मी किंवा भास्कराचार्य यांचे एक तरी उदाहरण कागद-पेन घेऊन सोडवले असेल?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मराठी हा माझा मूळ विषय. शाळेची गरज म्हणून नववी-दहावीच्या गणिताचे तासही बरीच वर्षे घेत आले आहे. वर्ग असतो साठ-पासष्ट मुलांचा. एका बाकावर अशी मुलगी असते जी सूत्र फळ्यावर यायच्या आधी वहीत मांडून मोकळी होते, आणि तिच्या शेजारची अजून सातच्या पाढ्यात अडखळते. दोघींना एकाच तासात, एकाच फळ्यावर वर्गसमीकरण शिकवायचे असते.

काही वर्षांपूर्वीपर्यंत यावर 'सामान्य गणित' हा तोडगा होता. ज्याला बीजगणित-भूमिती झेपत नाही त्याने दहावीला सोपा पर्याय घ्यावा. पास होणाऱ्यांची सोय झाली, हे खरे. पण तो पर्याय घेतला की पुढे गणित घेऊन विज्ञानाकडे जायची वाट बंद व्हायची. माझ्या पाहण्यात तरी हा पर्याय मुलींच्या गळ्यात लवकर पडायचा. 'तिला कुठे इंजिनिअर व्हायचंय' एवढे एक वाक्य घरून आले की विषय संपला. आता तो पर्याय राहिलेला नाही. सगळ्यांना एकच गणित आहे. ही गोष्ट चांगली आहे, पण मग ते सगळ्यांना समजेल असे शिकवायची जबाबदारी आपल्यावर येते.

म्हणून मला त्या वादापेक्षा वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्यांची नावे आपण अभिमानाने घेतो, ती माणसे गणित *शिकवत* कशी होती?

बगदाद : जे सोपे आणि उपयोगाचे

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी हा नवव्या शतकातला. खलिफा अल-मामून याच्या काळात (इ. स. ८१३ ते ८३३) तो बगदादच्या बैतुल हिकमत या विद्याकेंद्राशी जोडलेला होता. इ. स. ८२० च्या सुमारास त्याने जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावात 'अल-जब्र' आणि 'अल-मुकाबला' हे दोन शब्द आहेत. त्याच नावात 'मुख्तसर' हाही शब्द आहे, ज्याकडे आपले लक्ष जात नाही. मुख्तसर म्हणजे थोडक्यात, आटोपशीर.

प्रस्तावनेत तो पुस्तकाचा हेतू सांगतो. हिशेबातले जे सगळ्यात सोपे आणि सगळ्यात उपयोगाचे आहे तेवढेच आपण घेतले आहे, आणि लोकांना वारसाहक्क, मृत्युपत्र, वाटण्या, कज्जे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खणणे अशा कामांत ते सतत लागते, असा त्याचा आशय आहे. पंडितांच्या सभेत वाद जिंकण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही. कारकून, व्यापारी, काझी, मोजणीदार हे त्याचे वाचक.

पुस्तक उघडले तर पहिले आश्चर्य हे की त्यात एकही चिन्ह नाही. क्ष नाही, अधिक-उणे नाही, बरोबरचे चिन्ह नाही. सगळे शब्दांत. न कळणाऱ्या संख्येला तो 'शै' म्हणजे 'वस्तू' म्हणतो, किंवा 'जज़्र' म्हणजे मूळ. तिच्या वर्गाला 'माल' म्हणतो. साध्या संख्या मोजायच्या तर 'दिरहम'. माल म्हणजे काय आणि दिरहम म्हणजे काय हे बाजारात जाणाऱ्या कुणालाही माहीत होते. अनोळखी विचार ओळखीच्या शब्दांत बसवून त्याने वाचकाची अर्धी भीती आधीच काढून टाकली.

'जब्र' या शब्दाचीही गंमत आहे. आजच्या उर्दूत जब्र म्हणजे बळजोरी, आणि 'मजबूर' हा शब्द त्याच मुळातून आला आहे. बीजगणिताच्या तासाला आपण किती मजबूर आहोत हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही! पण अरबीत याच शब्दाचा दुसरा अर्थ मोडलेले जोडणे असा आहे. हाड बसवण्यालाही हाच शब्द. स्पॅनिश भाषेत हाडे बसवणाऱ्या वैदूला 'अल्हेब्रिस्ता' म्हणत, ते यावरूनच.

गणितात हे जोडणे कसे होते, ते त्याच्याच एका उदाहरणातून पाहू. दहाचे दोन भाग करा. एका भागाचा वर्ग हा दोन्ही भागांच्या गुणाकाराच्या चौपट असला पाहिजे. आजच्या भाषेत क्ष² = ४०क्ष − ४क्ष². उजवीकडच्या चाळीस मुळांतून चार वर्ग कमी पडले आहेत, म्हणजे ती बाजू मोडकी आहे. ते चार वर्ग तिला परत द्या, आणि न्याय राहावा म्हणून डावीकडेही चार वर्ग घाला. झाले ५क्ष² = ४०क्ष, म्हणजे क्ष = ८, आणि दुसरा भाग २. ताळा पाहा : आठाचा वर्ग ६४, आणि आठ दुणे सोळाची चौपटही ६४.

आपण वर्गात काय सांगतो? 'बाजू बदलली की चिन्ह बदलते.' मुले ते मंत्रासारखे पाठ करतात आणि परीक्षेत कुठे बदलायचे, कुठे नाही, यात गोंधळतात. अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या शब्दातच कारण दडलेले आहे : एका बाजूचे मोडलेले जोडायचे, आणि जे इकडे द्याल तेच तिकडेही द्यायचे. तराजू झुकू द्यायचा नाही. हे सांगितल्यावर कच्च्या मुलांच्या चुका कमी होतात, हा माझा अनुभव आहे.

त्याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण असे : एक वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून एकोणचाळीस दिरहम होतात, तर वर्ग किती? म्हणजे क्ष² + १०क्ष = ३९. आधी तो नुसती रीत सांगतो, थेट वाचकाला उद्देशून. मुळांची संख्या निम्मी कर, पाच येतील. पाचाला पाचाने गुण, पंचवीस. ते एकोणचाळिसात मिळव, चौसष्ट. त्याचे मूळ आठ. त्यातून पाच वजा कर. उरले तीन. मूळ तीन, वर्ग नऊ.

एवढ्यावर काम भागत होते. पण तो थांबत नाही. पुढे आकृती काढून ही रीत का चालते ते दाखवतो, आणि तेही दोन प्रकारे. त्यातला सोपा प्रकार कागदावर कापून दाखवता येतो. एक चौरस घ्या, बाजू माहीत नाही. त्याच्या दोन लगतच्या बाजूंना पाच-पाच रुंदीच्या दोन पट्ट्या चिकटवा. चौरस आणि पट्ट्या मिळून क्षेत्रफळ ३९. आता पाहा, मोठा चौरस होता होता राहिला आहे, कारण एका कोपऱ्यात पाच बाय पाचचा तुकडा कमी आहे. तो पंचविसाचा तुकडा बसवला की एकूण ६४, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू आठ. पट्टीची रुंदी पाच काढा, राहिले तीन.

दहावीच्या पुस्तकातली 'पूर्ण वर्ग पद्धत' हीच. फळ्यावर ती सहा ओळींची चढण वाटते. जुन्या रंगीत पत्रिकांचे कागद आणि कात्री दिली की मागच्या बाकावरचा मुलगा बोट ठेवून सांगतो, 'आपा, कोना कम पड़ रहा है.' कोपरा कमी पडतोय, हे ज्याला दिसले त्याला पूर्ण वर्ग समजला. उर्दूत चौरसाला 'मुरब्बा' म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे या तासाला आंब्याच्या मोरंब्याचा विनोद दरवर्षी होतो. होऊ द्यावा. हसणारे मूल घाबरलेले नसते.

या पुस्तकाचा मोठा भाग वारसाहक्काच्या उदाहरणांनी भरलेला आहे. आजचे गणिताचे इतिहासकार तो भाग बऱ्याचदा वरवर चाळतात. मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. समजा, एका गृहस्थाच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, आई-वडील हयात नाहीत, आणि कर्ज, वसीयत सगळे फेडून आठ लाख रुपये उरले. कुरआनने सांगितलेल्या वाट्यांनुसार पत्नीला एक अष्टमांश, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. उरले सात अष्टमांश, त्याचे भाग पाच. म्हणजे चाळीस भागांपैकी पत्नीचे पाच, मुलीचे सात, प्रत्येक मुलाचे चौदा. रुपयांत पत्नीला १ लाख, मुलीला १ लाख ४० हजार, दोन्ही मुलांना प्रत्येकी २ लाख ८० हजार.

अपूर्णांकांचा छेद समान का करायचा, हे या उदाहरणात पाढे न येणाऱ्या मुलीलाही कळते, कारण प्रश्न तिच्या घरातला आहे. आणि यात गणिताच्या मार्कांपेक्षा मोठे काही पणाला लागलेले आहे. ज्या मुलीला आपला हिस्सा काढता येत नाही, तिला तो कोणी आपणहून देईल याची खात्री आपल्या समाजात कोण देऊ शकतो? बहिणींकडून 'हक्कसोड' लिहून घेण्याची रीत हिंदूंत आहे तशी आपल्यातही आहे. अल-ख्वारिज्मीने वाटण्यांचे गणित 'उपयोगाचे' म्हटले, ते उगाच नव्हे.

खानदेशातून आग्र्याकडे

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा आणि 'लीलावती' ११५० ची. त्यांचे मूळ गाव नेमके कोणते यावर वाद आहे. पण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. साल १२०७. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वी गणिताच्या एका पाठ्यपुस्तकासाठी शाळा निघाली होती.

'लीलावती' वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो सूर. ग्रंथ समोर बसलेल्या कुणाशी तरी बोलतो. कधी 'बाळे' म्हणतो, कधी 'सख्या'. अल-ख्वारिज्मी जसा 'तू असे कर' म्हणतो, तसाच. आणि उदाहरणे! बत्तीस हातांचा बांबू वाऱ्याने मोडला, त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकले, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात, कारण उरलेले वीस हात हा कर्ण, आणि १४४ अधिक २५६ बरोबर ४००. वाऱ्यात मोडलेला बांबू खेड्यातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. पायथागोरसचे नाव न घेता त्याचा सिद्धांत मुलाच्या अंगणात आणून उभा केला आहे.

एका उदाहरणात भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग एका फुलावर बसतो, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर, या दोन भागांच्या फरकाची तिप्पट तिसऱ्या फुलावर, आणि एक भुंगा नुसताच भिरभिरत राहतो. थवा किती? पंधरा. तीन, पाच, सहा आणि तो एकटा एक. हुशार मुले समीकरण मांडतात. बाकीची पंधरा शेंगदाणे घेऊन वाटून पाहतात. दोघेही उत्तरापर्यंत पोचतात.

१५८७ मध्ये अकबराच्या दरबारातला राजकवी अबुल फैज फैजी याने 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले. त्या काळातला फारसीचा सगळ्यात मोठा कवी गणिताच्या पाठ्यपुस्तकाला हात घालतो, हे मला फार बोलके वाटते. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त मोजणाऱ्या घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला, आणि वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट फैजीच्या प्रस्तावनेतून आली आहे. तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण गणिताच्या पुस्तकाची सुरुवात गोष्टीने करावी हे त्याला सुचले. पुढे १५९१ मध्ये तोच फैजी अकबराचा वकील म्हणून बुऱ्हाणपूर आणि अहमदनगरकडे आला होता.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये झाले. ते करणारा अताउल्ला रशीदी हा ताजमहालाचा स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. औरंगाबादला बीबी का मकबरा पाहायला गेलात तर मुख्य दरवाज्यावरच्या कोरीव लेखात अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन नावे आहेत. हा अताउल्ला तोच, असे अभ्यासक मानतात. सह्याद्रीच्या पंडिताचे बीजगणित फारसीत नेणाऱ्या माणसाने पुढे याच मातीत घुमट उभा केला. आणि अल-ख्वारिज्मीने तर भारतीय अंकांवर स्वतंत्र पुस्तक लिहून ते भारतीयांचे आहेत हे मोकळेपणाने सांगितले होते. 'कोणाचे' हा वाद या माणसांना सुचला नाही. चांगले पुस्तक आहे, आपल्या मुलांच्या भाषेत आले पाहिजे, एवढेच त्यांना कळत होते.

दिल्ली : ओळखीच्या वाटेने

तिसरे नाव आपल्याकडे सगळ्यात कमी ऐकू येते. मास्टर रामचंद्र, जन्म १८२१, पानिपतचे. दिल्ली कॉलेजात त्यांनी गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवले. त्या कॉलेजात पाश्चात्त्य विज्ञान उर्दूत आणायचे मोठे काम चालले होते. १८५० मध्ये रामचंद्रांनी स्वतःच्या पैशाने कलकत्त्यात एक पुस्तक छापले. विषय असा की एखादी राशी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी केव्हा होते, हे कलनशास्त्राशिवाय, निव्वळ बीजगणिताने काढायचे.

इंग्रजी शिक्षणपद्धतीत अशा प्रश्नांना कलनशास्त्र लागे. रामचंद्रांचा विचार शिक्षकाचा होता. आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांच्या अंगवळणी बीजगणित आहे, तर त्याच ओळखीच्या वाटेने त्यांना या प्रश्नांपर्यंत का नेऊ नये? लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गन या मोठ्या गणितज्ञाला, ज्याचा जन्म मदुराईचा, हे पुस्तक इतके भावले की त्याने ते १८५९ मध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह लंडनला पुन्हा छापवले.

त्यांची रीत पाहा. दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त यावा. एक भाग क्ष, दुसरा १० − क्ष. गुणाकाराला 'र' म्हणू. वर्गसमीकरण सोडवले की क्ष = ५ ± √(२५ − र). आता वर्गमुळाखाली ऋण संख्या चालणार नाही, म्हणून र २५ च्या वर जाऊ शकत नाही. उत्तर : पाच आणि पाच.

आणि इथे एक हजार वर्षांचा धागा जुळतो. अल-ख्वारिज्मीच्या पुस्तकात आणखी एक समीकरण आहे, एक वर्ग आणि एकवीस दिरहम मिळून दहा मुळे, म्हणजे क्ष² + २१ = १०क्ष. त्याची तीन आणि सात अशी दोन्ही उत्तरे तो देतो. मग सांगतो की मुळांच्या निम्म्याचा वर्ग जर दिरहमांपेक्षा कमी भरला तर प्रश्नाला उत्तरच नाही, आणि बरोबर भरला तर मूळ हे नेमके निम्मे. पाठ्यपुस्तकात आज आपण याला 'विवेचक' म्हणतो. बगदादमधल्या त्या एका वाक्यात जे होते, त्यातूनच दिल्लीच्या शिक्षकाला आख्खे पुस्तक करता येत होते.

रामचंद्रांचे आवडते शिष्य मुन्शी जकाउल्ला. त्यांनी गणित शिकवले आणि उर्दूत गणिताची पाठ्यपुस्तके लिहिली. हिंदू घरात जन्मून १८५२ मध्ये ख्रिस्ती झालेला शिक्षक, मुसलमान शिष्य, आणि दोघांची भाषा उर्दू. पुढे निजामाच्या राज्यात १९१७ साली उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतराचे खाते निघाले आणि उच्च गणित उर्दूत आले. मराठवाड्यातल्या आधीच्या पिढीत पाढे मराठीत आणि त्रिकोण 'मुसल्लस' म्हणून शिकलेली माणसे होती, हिंदूही आणि मुसलमानही.

एकच प्रश्न, तीन पायऱ्या

या तिघांकडून माझ्या वर्गाने काय घ्यावे? हुशारांचा आणि ढब्बूंचा वर्ग वेगळा करावा, असे त्यांच्यातला कोणीही सुचवत नाही. रीत आधी, कारण नंतर, ओळखीचे शब्द, घरातला प्रश्न, आणि एकाच प्रश्नात सगळ्यांना जागा.

मी 'दहाचे दोन भाग' हाच प्रश्न घेते. ज्यांचे पाढे कच्चे आहेत त्यांनी फक्त यादी करायची : एक नव्वे नऊ, दोन आठे सोळा, तीन साते एकवीस, चार सके चोवीस, पाचा पाचा पंचवीस, आणि मग पुन्हा उतरण. मधल्या मुलांनी गुणाकार २१ धरून समीकरण मांडायचे आणि कागदाचा चौरस कापून सोडवायचे. पुढच्यांना विचारायचे की गुणाकार २६ हवा असेल तर? तेव्हा सगळ्यात आधी हात यादी करणाऱ्यांचा वर येतो, कारण पंचविसाच्या पुढे काही गेलेच नाही हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते. त्यांना जे दिसले ते सूत्रात का दिसते, हे शोधायचे काम हुशारांचे. त्या तासापुरते तरी कोण कच्चे आणि कोण पक्के हे ठरवता येत नाही.

यासाठी स्मार्ट बोर्ड लागत नाही. कागद, कात्री, मूठभर शेंगदाणे आणि मुलांच्या भाषेत बोलायची तयारी लागते. वेळ मात्र जास्त लागतो, आणि अभ्यासक्रम संपवायच्या घाईत तोच कमी असतो. पण न समजता संपवलेला धडा संपलेला नसतो, तो पुढच्या वर्षी दुप्पट होऊन परत येतो.

तेव्हा अलजेब्राचा अभिमानाचा संदेश पुन्हा तुमच्या मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी एक करा. घरातल्या आठवी-नववीच्या मुलीला, होय, मुलीलाच आधी, विचारा की दहाचे असे दोन भाग कर ज्यांचा गुणाकार चोवीस होईल. तिला आले तर पुढचा प्रश्न विचारा. नाही आले तर मोबाइल बाजूला ठेवा आणि तिच्याजवळ कागद घेऊन बसा. अल-ख्वारिज्मीचा वारसा सांगायचा, तर तो तिथे सांगावा.